कंत्राटी नोकरी: पगार की व्यावसायिक फी?

प्रश्न: मी नारायणगावचा सिव्हिल इंजिनिअर. घरांचे नकाशे, एस्टिमेट अशी खासगी कामं करतो. घोडेगावला पंचायत समितीत ११ महिन्यांचं कंत्राटी काम मिळतंय, दरमहा ४०,००० रुपये. कर पगारदाराचा लागेल की व्यावसायिकाचा?

उत्तर: करारनाम्याचा मथळा सोडा, आतल्या अटी वाचा. रोजची हजेरी, मंजूर रजा, साहेबांच्या हुकमानं साइटवर जाणं असेल, तर तो पगार. कामाच्या हिशेबानं बिल लावायचं आणि वेळ तुमची, तर व्यावसायिक फी.

फरक खिशात लगेच जाणवतो. फी धरली तर १० टक्के टीडीएस, म्हणजे दरमहा ४,००० रुपये कापले जातील. कर बसत नसेल तर ते परत मिळतात, पण रिटर्न भरल्यावर. काही ठिकाणी कपात टाळायला १५जीसारखं घोषणापत्र भरून घेतात. फीला ते चालत नाही. कमी कपातीचा दाखला आयकर अधिकाऱ्याकडूनच काढावा लागतो. पगार धरला तर नव्या करप्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते आणि एवढ्या रकमेवर कपातच होत नाही.

फीचाही फायदा आहे. इंजिनिअरला एकूण जमेच्या निम्मी रक्कम नफा दाखवून मोकळं होता येतं, वह्या ठेवायची कटकट नाही. मात्र ही सवलत पगाराला नाही. तुमच्या नकाशांच्या कमाईला दोन्ही परिस्थितींत आहे. त्यावर आगाऊ कर निघत असेल तर १५ मार्चपर्यंत भरा.

सही करण्याआधी लेखा विभागाला लेखी विचारा: कपात कोणत्या कलमाखाली? आणि खासगी नकाशे करायला करारात मनाई आहे का, तेही बघाच.