उसनी वाणी

एदमाँ रोस्ताँ या फ्रेंच नाटककाराचे ‘सिरानो द बेर्जराक’ हे नाटक १८९७ साली पॅरिसच्या रंगभूमीवर आले. त्यातील सिरानो शूर होता, कवीही होता. परंतु आपल्या अतिमोठ्या नाकामुळे तो मनातून खंतावलेला असे. ख्रिश्चन हा तरुण दिसायला देखणा. पण त्याला चार गोड शब्द बोलता येत नसत. तेव्हा सिरानो अंधारात लपून शब्द पुरवी आणि ख्रिश्चन ते बोलून दाखवी. ऐकणाऱ्या रोक्सानला वाटे, ही वाणी ख्रिश्चनचीच!

या कथेचे सूत्र घेऊन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ले मिलग्रॅम यांनी काही प्रयोग केले. एका खोलीत बसलेला मनुष्य बोले. दुसऱ्या खोलीतील मनुष्याच्या कानात लपविलेल्या चिमुकल्या यंत्रातून ते शब्द त्यास ऐकू येत आणि तो तत्क्षणी ते जसेच्या तसे उच्चारी. समोरच्याचे प्रश्न पहिल्या खोलीत ऐकू जात. त्यामुळे उत्तरेही नेमकी मिळत. अशा उसन्या वाणीच्या मनुष्यास मिलग्रॅम यांनी ‘सिरानॉइड’ हे नाव दिले.

एकदा त्यांनी ११ व १२ वर्षांच्या मुलांना या कामी बसविले. मुलाखत घेणारे होते शिक्षक आणि मुलांच्या मुखातून बोलत होता एक प्राध्यापक! तरीही शिक्षकांना ही युक्ती उमगली नाही. समोर मूल दिसत होते. म्हणून शब्दही मुलाचेच, असे त्यांनी गृहीत धरले.

२०१५ साली लंडनमधील संशोधक केव्हिन कॉर्टी व अ‍ॅलेक्स गिलेस्पी यांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या प्रयोगात शब्द पुरविणारा मनुष्य नव्हता, तर संगणक होता. ज्यांना आधी काही सांगितले नव्हते, त्यांपैकी बहुतेकांना यंत्राचा संशयही आला नाही.

या रीतीचा उपयोग यंत्रे घडविणाऱ्यांना होतो. मनुष्यासारखे दिसणारे, बोलणारे यंत्र तयार होण्यापूर्वीच लोक त्याच्याशी कसे वागतील, हे त्यांना पाहता येते. पण त्याबरोबर त्यांची जबाबदारीही वाढते. मनुष्याचा चेहरा पाहताच लोक विश्वास टाकतात. त्या विश्वासाचा गैरफायदा घेणे सोपे असते.

मुख एकाचे आणि विचार दुसऱ्याचा, असे होऊ शकते. म्हणून बोलणाऱ्याचे रूप, वय वा वेष पाहून शब्दांची किंमत ठरवू नये. शब्द शब्दाच्याच कसोटीवर पारखावेत, हेच खरे शहाणपण होय.