गाजर, गोळी आणि बिडी

चतुर्थीला केळझरच्या सिद्धिविनायकाकडे गर्दी लोटली की माझ्या औषधांच्या दुकानालाही उसंत नसते. बाहेरगावच्यांना डोकेदुखीची नाहीतर पोटाची गोळी हवी असते. ताकदीच्या गोळ्या मात्र गावातलेच मागतात, तेही बाराही महिने. शर्टाच्या खिशात बिडीचं बंडल आणि मागणी अशी : "भाऊ, छातीसाठी कायी ताकदीचं द्या ना जी. ते गाजराचं आयतं औषध निंगालं म्हनतात, ते." या मागणीला काय उत्तर द्यायचं, हे काउंटरमागे बसून हळूहळू समजत गेलं. त्यातलं कामाचं तेवढं इथे मांडतो.

१. पाकीट उलटं करून वाचा

समोर हसरा म्हातारा आणि धावता घोडा असला तरी खरी माहिती मागच्या बारीक अक्षरांत असते. तिथे 'बीटा कॅरोटीन' किती मिलिग्रॅम आहे ते पाहा. गाजर, कोहळं (लाल भोपळा), आंबा, पपई यांना केशरी-पिवळा रंग देणाऱ्या द्रव्यांच्या घराण्यातलं हे सर्वांत प्रसिद्ध नाव. पालक, मेथी, शेवग्याच्या पाल्यातही ते भरपूर असतं, फक्त हिरव्या रंगाखाली झाकलेलं. वाकेनरोडर या जर्मन शास्त्रज्ञाने १८३१ साली ते गाजरातून वेगळं काढलं. आपलं शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करतं. पण पिवळं दिसलं म्हणजे कॅरोटीन, असंही नाही. आपल्याच वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीचा पिवळेपणा कर्क्युमिनचा, त्याचं कूळच वेगळं.

२. बिडी ओढणाऱ्याला ही गोळी देऊ नये

हे माझं मत नाही, मोजून काढलेली गोष्ट आहे. जे लोक फळं-भाज्या जास्त खातात, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, असं अनेक पाहण्यांत दिसत होतं. त्यामुळे १९८१ साली रिचर्ड पेटो, रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये प्रश्न टाकला : ही किमया बीटा कॅरोटीनची तर नसेल? मग फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाचे, सिगारेट ओढणारे २९,१३३ पुरुष घेतले. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन दिलं, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. १९९४ साली निकाल आला तेव्हा सगळे चक्रावले. कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला.

अमेरिकेत १८,३१४ जणांवर असाच दुसरा प्रयोग चालू होता. त्यात धूम्रपान करणारे होते, सोडलेले होते आणि अॅस्बेस्टॉसच्या धुळीत काम केलेले कामगारही होते. बीटा कॅरोटीन ३० मिलिग्रॅम आणि सोबत अ जीवनसत्त्व. तिथे फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्के आणि मृत्यू १७ टक्के जास्त दिसले. १९९६च्या जानेवारीत, ठरल्या मुदतीच्या २१ महिने आधीच, तो प्रयोग थांबवावा लागला. आता कुणी कितीही आग्रह केला तरी मी आधी एवढंच विचारतो, "बिडी चालू आहे का?"

एक खुलासा इथेच करून टाकतो, कारण हे ऐकून आया घाबरतात. लहान मुलांना सरकारी कार्यक्रमातून मिळणारा अ जीवनसत्त्वाचा डोस ही निराळी बाब आहे. तो चुकवू नये.

३. "नैसर्गिक आहे" एवढ्याने भागत नाही

गिऱ्हाईक हुशार असतं. ते म्हणतं, १०० ग्रॅम गाजरात ८ मिलिग्रॅमच्या आसपास कॅरोटीन, म्हणजे २० मिलिग्रॅमची गोळी म्हणजे पाव किलो गाजरच की! हिशेब कागदावर बरोबर आहे, पोटात नाही. गाजरातलं कॅरोटीन पेशींच्या भिंतींमागे अडकलेलं असतं, त्यातलं थोडंच रक्तात उतरतं. गोळीतलं मोकळं असतं. ते सहज शोषलं जातं आणि रक्तातली पातळी कित्येक पटींनी वर नेतं, तीही रोज, वर्षानुवर्षं.

धुराने पोळलेल्या फुप्फुसात इतकं कॅरोटीन पोचलं की ते स्वतःच मोडतं आणि त्याचे तुकडे पेशींना त्रास देऊ लागतात. फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याला मोठा डोस आणि सिगारेटचा धूर असं दोन्ही दिल्यावर त्याच्या फुप्फुसात कर्करोगाच्या वाटेवरचे बदल दिसले. माणसात नेमकं असंच घडतं का, हे पूर्ण उलगडलेलं नसलं तरी गोळी टाळायला फिनलंडचे आकडे पुरेसे आहेत.

४. ताट मात्र निर्दोष ठरलं

"मंग गाजरबी खावाचं नाही का जी?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. खावं, जरूर खावं. फिनलंडच्याच प्रयोगात एक गोष्ट दिसली होती. सुरुवातीलाच ज्यांच्या जेवणात आणि रक्तात कॅरोटीन जास्त होतं, त्यांना पुढे फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला. तेच द्रव्य ताटातून आलं तर चांगली खूण, गोळीतून आलं तर धोका.

पण इथेही पाय जमिनीवर हवेत. भाजी भरपूर खाणारा माणूस बहुधा बिडी कमी ओढतो, त्याच्या हातात चार पैसे असतात, तो दवाखान्यातही वेळेवर जातो. शिवाय धूम्रपानानेच रक्तातलं कॅरोटीन घटतं. मग श्रेय भाजीचं किती आणि राहणीचं किती, हे वेगळं काढणं अवघड. म्हणून तज्ज्ञ आजही 'भाज्या-फळांचा फायदा संभवतो' इतकंच म्हणतात. मोठ्या डोसच्या गोळीने धूम्रपान करणाऱ्यांचा धोका वाढतो, हे मात्र ते ठामपणे सांगतात.

५. तेलाशिवाय रंग अंगी लागत नाही

कॅरोटीन तेलात विरघळतं. कोहळ्याची भाजी करताना फोडणीचं तेल कडेने केशरी होत जातं, ते पाहिलं आहे ना? तो रंग तेलात उतरलेला असतो, म्हणूनच पुढे आतड्यातून शोषला जातो. कच्चं गाजर नुसतं चावण्यापेक्षा किसून, थोडं शिजवून, चमचाभर तेलात परतलेलं जास्त कामाचं. टमाट्यातलं लायकोपीनही शिजवल्यावर अधिक मिळतं. भाकरीवर जवसाची चटणी आणि तेल घेऊन सोबत पालेभाजी खाणाऱ्याला हे कुणी शिकवायची गरज नाही.

पावसाळ्यात बांधावर फुकट उगवणारा तरोटा, अंबाडी, परसातल्या शेवग्याचा पाला, यांची सर महागड्या पाकिटाला नाही. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजी स्वतः पाला खाऊन पाहत होते आणि 'हरिजन'मध्ये त्यावर लिहीत होते. त्यांच्या डोळ्यांपुढे कर्करोग नव्हता, गरिबाचं स्वस्त आणि सकस जेवण होतं. पण सल्ला आजही लागू पडतो.

६. संत्र्याचं कौतुक करा, नवस बोलू नका

संत्री आणि पपई यांत बीटा क्रिप्टोझँथिन नावाचा याच घराण्यातला दुसरा रंग असतो. उत्तर अमेरिका आणि युरोपातल्या सात मोठ्या अभ्यासांची माहिती २००४ साली एकत्र तपासली, तेव्हा हे द्रव्य जास्त खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग काहीसा कमी आढळला. नागपुरी संत्र्याच्या मुलखात राहणाऱ्याला हे ऐकून बरं वाटणारच. पण तो संबंध आहे, हमी नाही. दोन संत्री खाऊन वर बिडी शिलगावणाऱ्याचा हिशेब जमेचा होत नाही.

७. बिडी सोडलेल्यांनीही विचारून घ्यावं

वयामुळे डोळ्याचा पडदा झिजणाऱ्या काही रुग्णांना जीवनसत्त्वांची खास गोळी लिहून देतात. तिच्या मूळ सूत्रात बीटा कॅरोटीन होतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात त्याच्या जागी ल्यूटिन आणि झियाझँथिन घालून पाहिलं. कॅरोटीन मिळालेल्यांत फुप्फुसाचे कर्करोग जास्त होते आणि ते बहुतेक पूर्वी धूम्रपान केलेल्यांतले होते. म्हणून अशी चिठ्ठी आली की मी रुग्णाला सांगतो, "काकाजी, आधी बिडी ओढत होता हे डॉक्टरसाहेबांना सांगितलं का? नसेल तर फोन लावा, मग देतो." ल्यूटिनची गोळी बाजारात मिळते, अडचण काहीच नाही.

८. धूर चुलीचाही असतो

आयुष्यात बिडीला हात न लावलेल्या बायाही खोकल्याचं औषध न्यायला येतात. वर्षानुवर्षं पऱ्हाट्या आणि गोवऱ्यांवर स्वयंपाक, तोही बिनखिडकीच्या खोलीत. घरात लाकूड जाळल्याचा धूर कर्करोगाला बहुधा कारण ठरतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचं वर्गीकरण आहे. सरकारी उज्ज्वला योजनेचं गॅस सिलिंडर घरात असून ते पाहुण्यांच्या चहापुरतं राखून ठेवलं, तर उपयोग शून्य. पोराबाळांना सांगतो, आईला गाजर खाऊ घाला, पण आधी गॅसची शेगडी पेटवून द्या.

९. खोकल्याला बाटलीमागून बाटली देऊ नये

दोन आठवड्यांवर खोकला गेला की मी तिसरी बाटली काढत नाही. थुंकी तपासायला आरोग्य केंद्रात पाठवतो. आपल्याकडे क्षयरोग जास्त, त्यामुळे फुप्फुसाचा कर्करोग कित्येकदा क्षय समजून औषधं चालू राहतात आणि मोलाचे महिने जातात. थुंकीत रक्त, वजन उतरणं, आवाज बसलेलाच राहणं, यातलं काही असेल तर सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय जवळ आहे. पुढे गरज पडलीच तर नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे.

१०. विकायचंच तर बिडी सुटायला मदत होईल ते विका

ताकदीच्या गोळीत मला मिळणारी कमाई निकोटिनच्या च्युइंगमपेक्षा जास्त असेलही. तरी छातीसाठी काही मागणाऱ्यापुढे मी च्युइंगमच ठेवतो आणि पाकिटावर सरकारी तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा नंबर लिहून देतो : १८००-११-२३५६, फोन फुकट. बिडी-सिगारेट सोडून दहा वर्षं झाली की फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका, ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत, निम्म्याच्या आसपास येतो. कुठलंही गाजर, संत्रं किंवा कॅप्सूल याच्या जवळपासही पोचलेलं नाही. काही जण च्युइंगम घेतात. काही जण रागावून दुसऱ्या दुकानात जातात. जाताना त्यांनाही मी एक विनंती करतो : तिथे गोळी घ्याल तर घ्या, पण पाकिटाची मागची बाजू वाचा.