मैदानावरील वाणी

विद्यार्थिमित्रहो, खेळाने शरीर बळकट होते हे आपण सारेच जाणतो. परंतु खेळाडूची पारख हातापायांइतकीच जिभेवरूनही होते, याचा मात्र विसर पडतो. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, कोठेही सामने रंगोत. गडी बाद झाला की आईबहिणीच्या, क्वचित जातीच्याही नावाने शिवी कानी येते. जिचा उच्चार होतो ती माउली कधी कधी मैदानाच्या कडेलाच उभी असते.

“खेळाच्या भरात तोंडून निघून जाते,” असे यावर समर्थन करतात. ते कितपत टिकते? आपल्या कबड्डीचेच उदाहरण घ्या. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचे प्रात्यक्षिक जगास दाखविले. यात चढाई करणाऱ्यास एकाच दमात ‘कबड्डी’ हा शब्द अखंड उच्चारावा लागतो. प्रतिपक्षाने घेरले, प्राण कंठाशी आले, तरी त्याची जीभ त्या शब्दावरून ढळत नाही. ऐन झटापटीत आवरणारी जीभ बाद झाल्यावर आवरत नाही, हे कसे मानावे? शिवी आवेशाने नव्हे, सवयीने येते. आणि जडलेली सवय मोडताही येते.

नियमही याविषयी मुके नाहीत. कबड्डीत गैरवर्तनास ताकीद म्हणून हिरवे कार्ड मिळते. पिवळ्याने खेळाडू दोन मिनिटे बाहेर बसतो. क्रिकेटच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे अर्वाच्य भाषेबद्दल प्रथम ताकीद व पुन्हा तसे वर्तन घडल्यास प्रतिपक्षास ५ धावा मिळतात. एकाच्या जिभेचा दंड अकरांना भरावा लागतो!

तथापि दंडाच्या भयाने राखलेली सभ्यता अपुरीच होय. १९८० साली मुंबईच्या कसोटी सामन्यात इंग्लंडचे ५ गडी ५८ धावांत बाद झाले होते. पंचांनी टेलरला झेलबाद ठरविले. परंतु चेंडू बॅटला लागला नाही, अशी खात्री असलेल्या भारताच्या कर्णधार विश्वनाथांनी त्यास परत बोलाविले. पुढे त्याने बोथमसह १७१ धावांची भागी केली आणि भारत १० गड्यांनी हरला. खिलाडूपणाची किंमत अशी खरोखरच द्यावी लागते. तरीही त्या सामन्याची आठवण निघाली की विश्वनाथांचे नाव आदराने घेतले जाते.

पालकहो, कडेला उभे राहून आपण जे ओरडतो तेच मुले मैदानात शिकतात. आणि मित्रहो, पुढील सामन्यात संघनायकाने आपल्या गड्याची पहिली शिवी तेथल्या तेथेच थांबवावी. पंचांस ते काम उरूच नये.