माळ घातल्यावरचे पहिले तीन दिवस

गळ्यात तुळशीची माळ पडली आणि दारू सुटली, अशी माणसे आपण गावोगाव पाहतो. त्यांच्या निश्चयाला नमस्कारच. पण भाविकहो, आज बोलावयाचे आहे ते माळ घातल्यानंतरच्या पहिल्या तीन दिवसांविषयी.

जो वर्षानुवर्षे रोज, सकाळपासून पितो, त्याचा मेंदू दारूच्या गुंगीला तोंड देण्यासाठी आपली धाव वाढवून बसलेला असतो. दारू एकाएकी थांबली की गुंगी जाते, धाव तेवढी उरते. काही तासांतच हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत कोणाला झटके येतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोणाला भिंतीवर किडे दिसतात, तो नसलेल्या माणसांशी बोलतो, अंग तापते. घरची मंडळी म्हणतात, "अहो, बाहेरची बाधा झाली!" बाधा कसली? दारू तुटल्याचा हा भ्रम आहे आणि यात माणूस दगावतोसुद्धा. कोणी म्हणतो, निश्चयच कच्चा. हे तर फारच वाईट! निश्चय पक्का होता म्हणूनच हे दिवस आले ना?

तेव्हा रोज पिणाऱ्याने माळ जरूर घालावी, पण आधी डॉक्टरांना भेटून. ते कंप व झटके आवरणारी औषधे देतात, ब-१ जीवनसत्त्व देतात, जरूर पडल्यास दाखल करून घेतात. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून व्यसन सोडविण्याच्या याच कामात आहे. दिंडीत कोणी असा कापू लागला, बरळू लागला, तर १०८ ला फोन करावा. आणि तो परवापर्यंत पीत होता, हे डॉक्टरांपासून लपवू नये, कितीही लाज वाटली तरी.