दुसरा कुत्रा आणण्यापूर्वी

गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षक रक्तदाब तपासायला आले होते. तपासून झाले, गोळ्या लिहून झाल्या, तरी खुर्चीवरून उठेनात. मग जरा संकोचाने म्हणाले, "डॉक्टर, एक घरचं विचारू का? नातवंडं कुत्र्याचं पिल्लू आणायचं म्हणून हटून बसली आहेत. आमचा मोती आहेच, सहा वर्षांचा. पण एकटा पडतो, दिवसभर फाटकाशी बसून रडतो. जोडीला दुसरा आणावा का?"

हा प्रश्न पशुवैद्यकांना विचारा, असे सांगून मला मोकळे होता आले असते. पण कुत्रा चावला की माणूस माझ्याकडेच येतो. शिवाय या बाबतीत मी स्वतः एकदा चुकलेलो आहे. म्हणून आजचा लेख.

माझी चूक

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या घरी एक कुत्री होती. ऐन पावसात माझ्या मुलीने गटाराकडेला कुडकुडणारे पिल्लू उचलून आणले. ठेवायचे की नाही, याचा विचार कोणीच केला नाही. चौथ्या दिवशी भाकरीच्या ताटलीवरून दोघे एकमेकांवर धावून गेले आणि मी मध्ये हात घातला. करंगळीखाली दात लागून रक्त आले. दात कुत्रीचा की पिल्लाचा, ते मला सांगता येईना.

कुत्रीचे लसीचे कार्ड शोधले, तर शेवटच्या लसीला एकवीस महिने उलटून गेलेले. पिल्लाला तर काहीच टोचलेले नव्हते. इतरांना रोज उपदेश करणारा मी त्याच संध्याकाळी कंपाउंडरसमोर बाही वर करून बसलो. जखमेत सीरम घेतले, लस सुरू केली. सहाव्या दिवशी पिल्लाने खाणे सोडले व ते कोपऱ्यात पडून राहिले. मुलीच्या हातावर त्याचे ओरखडे होते, म्हणून तिलाही लस सुरू केली. त्या रात्री घरात कोणाला झोप लागली नाही. शेवटी दुखणे जंतांचे निघाले आणि पिल्लू वाचले. पण केवळ निष्काळजीपणामुळे आपण पोटच्या मुलीला कुठे नेऊन ठेवले होते, हे मी विसरलेलो नाही.

एकटेपणा कोणाचा?

"पहिल्याला सोबत" हे दुसरा कुत्रा आणण्याचे नेहमीचे कारण. पण रडणाऱ्या कुत्र्याला बहुतेक वेळा दुसरा कुत्रा नको असतो, माणूस हवा असतो. त्याला कोणी फिरवत नाही, कोणी त्याच्याशी खेळत नाही. अशा घरात दुसरा आला की रडणारे एकाचे दोन होतात. पहिला म्हातारा किंवा आजारी असेल, तर धसमुसळ्या पिल्लाचा त्याला त्रासच होतो. पहिला अनोळखी कुत्र्यांवर तुटून पडत असेल, तर घरात भांडण विकत आणू नये. मात्र पहिला निरोगी, माणसाळलेला आणि इतर कुत्र्यांत रमणारा असेल व घरात वेळ देणारी माणसे असतील, तर दोन कुत्रे सुखाने नांदतात. आमच्याकडेही पुढे नांदले.

पहिले तीन महिने

खरा धोका येथे आहे. दुसरा कुत्रा म्हणून बहुधा लहान पिल्लू येते. पिल्लाला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर देतात. पुढे पशुवैद्यक सांगतील तेव्हा दुसरी मात्रा आणि मग दर वर्षी एक. म्हणजे घरात आल्यावर काही आठवडे ते लसीविना असते. याच वयात ते हाताला दातांनी धरते, नखांनी ओरबाडते आणि मुले हसत हसत सोसतात. "एवढंसं पिल्लू, दुधाचे दात" असे म्हणून घरचे सोडून देतात. रस्त्यावरून आणलेल्या पिल्लालाही रेबीज असू शकतो, हे ध्यानात ठेवा. माणसाला हा रोग चावल्यापासून बहुधा दोन-तीन महिन्यांत होतो, क्वचित वर्षभरानेही. लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचत नाही, असेच धरून चालावे. वेळेवर लस घेतली तर मात्र हा रोग टळतो.

जंत आणि घरातली माणसे

पिल्लाच्या पोटात जंत आईकडून, जन्माआधीच आलेले असू शकतात. त्यांची अंडी विष्ठेतून अंगणातल्या मातीत जातात, मातीतून मुलांच्या हाताला लागतात आणि तेथून तोंडात. या जंतांच्या अळ्या मुलांच्या यकृतात, क्वचित डोळ्यातही शिरतात. दुसरा जंत शेळ्या-मेंढ्यांच्या कच्च्या वझडीतून कुत्र्याच्या पोटात जातो आणि माणसाच्या यकृतात पाण्याच्या मोठ्या गाठी करतो. म्हणून कच्ची वझडी कुत्र्याला कधीही घालू नये. कुत्र्याला जंताचे औषध ठरल्या वेळी द्यावे, विष्ठा रोज उचलावी आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत.

घरात रांगते मूल, दमेकरी, कर्करोगाचे उपचार चालू असलेला रुग्ण किंवा तोल जाणारे वृद्ध असतील, तर पिल्लू तूर्त नको. पायात घुटमळणाऱ्या कुत्र्यामुळे पडून खुब्याचे हाड मोडले, तर आजी महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतात.

आणायचेच ठरले तर

पहिल्या कुत्र्याची लस व जंताचे औषध आधी पूर्ण करा, पिल्लू मागाहून आणा. आणल्याबरोबर ते पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा आणि पहिले दोन आठवडे वेगळे ठेवा, म्हणजे त्याचा आजार पहिल्याला लागणार नाही. मग दोघांची भेट घराबाहेर, मोकळ्या जागी, साखळी हातात धरून करून द्या. ताटल्या वेगळ्या ठेवा, खायलाही लांब-लांब घाला. भांडण लागले तर मध्ये हात घालू नका. बादलीभर पाणी फेका किंवा थाळी वाजवा. जोडी नर-मादीची असेल, तर नसबंदीचे वेळीच विचारा. मादी साधारण वर्षातून दोनदा माजावर येते आणि नऊ आठवड्यांत विते. मग प्रश्न दुसऱ्याचा राहत नाही, सातव्या-आठव्याचा होतो.

चावल्यास

जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट, तेल काहीही लावू नका, घट्ट पट्टी बांधू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. रक्त न येता नुसता ओरखडा असला तरी लस लागते. रक्त आले असेल, तर जखमेत सीरमही टोचावे लागते. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा, पण त्यासाठी लस लांबवू नका. तो ठणठणीत राहिला, तर पुढच्या मात्रांचे डॉक्टर ठरवतील. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, ही भीती आता सोडा. त्या जुन्या लसीचे उत्पादन भारतात २००४ च्या अखेरीस थांबले. आता लस दंडात, चार किंवा पाच वेळा घ्यायची असते आणि सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते.

शिक्षकांना मी एवढेच सांगितले, "महिनाभर मोतीला सकाळ-संध्याकाळ अर्धा तास फिरवा. नातवंडांपैकी कोण किती दिवस आलं ते वहीत लिहा. मग ठरवू."

परवा ते वही घेऊनच आले. नातू चार दिवस, नात बावीस दिवस, आजोबा तीसही दिवस. मोतीचे रडणे थांबले होते आणि मास्तरांचा रक्तदाबही थोडा उतरला होता. मी विचारले, "मग पिल्लाचं काय?" म्हणाले, "नातू आता नाव काढत नाही. नात म्हणते, आणायचं आणि मीच बघणार. तिच्या परीक्षा होऊ देत, मग तिच्या शब्दावर आणीन. मोतीची लस मात्र कालच टोचून घेतली. दोन वर्षं राहिली होती हो."

वाचकहो, दुसऱ्याचे काय ते सावकाश ठरवा. आज हा अंक खाली ठेवलात की आधी पहिल्याचे कार्ड शोधून काढा आणि त्यावरची शेवटची तारीख वाचा.