महागडी पटाशी कशासाठी?

प्रश्न : साधी पटाशीही धार लावली की कापते. मग जपानी पटाशीला इतके पैसे का मोजायचे?

उत्तर : पहिल्या कापात फरक दिसणार नाही, हे मान्य, तो कळतो धार टिकण्यात. जपानी पटाशीत अतिकठीण पोलादाचा पातळ थर मऊ लोखंडावर भट्टीत तापवून, ठोकून जोडलेला असतो. पोलाद धार धरतं, लोखंड घाव सोसतं आणि दगडावर लवकर झिजतं, म्हणून धार लावणंही सोपं जातं. सागवानातली सिलिका धार भराभर खाते, तिथे हे फार मोलाचं. आपले सुतार साध्या पटाशीने अप्रतिम सागकाम करतात, हे खरंच. पण त्यांना दगडाकडे वारंवार वळावं लागतं. मात्र खाचेत पटाशीने उचकटायची सवय असेल, तर जपानी पटाशी घेऊ नका. कठीण धारेचा टवका उडतो.