लहानग्यांना घेऊन अवचितगडावर

वरसे हे रोह्याला लागूनच असलेले गाव. तेथून कुंडलिका ओलांडून मेढ्याला गेले की अवचितगडाचा पायथा येतो. गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर. वाट झाडीतली, आणि माथ्यावर बारा कोनांचा तलाव. घरच्या सहलीला याहून चांगले ठिकाण ते कोणते?

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही असेच निघालो. डबे भरता भरता उशीर झाला आणि चढायला लागलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. माझा सहा वर्षांचा भाचा अर्ध्या वाटेपर्यंत सर्वांच्या पुढे पळत होता. मग तो मागे पडला, त्याची बडबड थांबली, चेहरा लालबुंद झाला. "नुसता कंटाळलाय, चालू दे त्याला," असे कोणीतरी म्हणाले. ते कोणीतरी म्हणजे मीच! ताई मात्र त्याला घेऊन सावलीत बसली. तिचेच बरोबर होते. का, ते पाहू.

१ सेंटिमीटर बाजूचा एक घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर, घनफळ १ घन सेंटिमीटर. बाजू दुप्पट केली की पृष्ठफळ २४ होते आणि घनफळ ८. म्हणजे एका घन सेंटिमीटरच्या वाट्याला पूर्वी ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग येत होता, आता ३ च येतो. वस्तू जितकी लहान तितका तिच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग मोठा. शरीराचेही तसेच. २० किलो वजनाच्या मुलाची त्वचा दर किलोमागे सुमारे ४०० चौरस सेंटिमीटर भरते, तर ६० किलोच्या प्रौढाची सुमारे २८०. थंड हवेत या जादा त्वचेतून उष्णता झटकन निघून जाते. पण हवा त्वचेहून अधिक तापली, वर ऊन लागले, की याच दारातून उष्णता आत शिरते.

आतूनही उष्णता तयार होत असतेच. २० किलोचे शरीर ३०० मीटर उचलायला लागणारे कार्य सुमारे १४ किलोकॅलरी. आपले स्नायू खर्चलेल्या ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्साच कार्यात बदलतात. म्हणजे खर्च ७० किलोकॅलरी, आणि त्यातल्या ५६ ची नुसती उष्णता! ती घालवायला घाम हवा. १ ग्रॅम घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी घेऊन जातो. तेव्हा जवळजवळ १०० ग्रॅम घाम वाळला पाहिजे. मुलांच्या घर्मग्रंथी मोठ्यांच्या मानाने कमी घाम सोडतात, ही एक अडचण. दुसरी आपल्या कोकणच्या हवेची. ती इतकी दमट की घाम वाळण्याऐवजी ठिबकतो, आणि ठिबकलेला घाम शरीर थंड करीत नाही.

हे शाळेत करून पाहा. दोन तापमापके शेजारी टांगा. एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून त्याला वारा घाला. दोहोंतील फरक जितका कमी, तितकी हवा दमट आणि तितका घाम निरुपयोगी. सहलीच्या आदल्या दिवशी सकाळी सात वाजता आणि दुपारी बारा वाजता नोंद घ्या. दोन्ही वेळी ओले तापमापक किती दाखवते तेही लिहून ठेवा, कारण घाम हवेला फार तर तेवढेच थंड करू शकतो.

पावलांचाही हिशेब आहेच. ७० सेंटिमीटरच्या पावलाने किलोमीटरला सुमारे १४३० पावले लागतात. ४० सेंटिमीटरच्या पावलाने २५००.

तेव्हा उजाडताच निघा. सर्वांत लहान मूल पुढे ठेवा आणि त्याच्या चालीने चाला. दर पंधरा-वीस मिनिटांनी, तहान नसली तरी, दोन-चार घोट पाणी किंवा मीठ घातलेले कोकम सरबत द्या. मूल गप्प झाले, डोके दुखते किंवा मळमळते म्हणाले, की तिथेच थांबा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंग ओल्या फडक्याने पुसून वारा घाला. ते असंबद्ध बोलू लागले किंवा गुंगीत गेले तर तो उष्माघात समजा. अंगावर पाणी ओतीत राहा आणि क्षणाचाही वेळ न घालवता दवाखाना गाठा. अशा वेळी तोंडात पाणी ओतू नका, ठसका लागून ते श्वासनलिकेत जाईल.

भाचा अर्ध्या तासात सावरला, गप्पाही मारू लागला. तरी आम्ही तेथूनच परतलो. जानेवारीत पुन्हा गेलो, साडेसहाला चढायला लागलो. तलावाचे कोन त्याने स्वतः मोजले. पहिल्यांदा अकराच भरले, म्हणून पुन्हा फेरी मारली.